नळीतल्या किड्याने पिसारा टाकला, मेला का? आणि मुळात हे खातात तरी कसं?

मीठपाणी
मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे आणि त्यातल्या एका लाइव्ह रॉकच्या (समुद्रातून आणलेला, जीव चिकटलेला दगड) खाचेत दीडेक वर्षापासून एक नळीवाला किडा राहतोय. मी आणलेला नाही, दगडासोबत आपसूक आला. नळी मातकट, चामड्यासारखी, पेन्सिलीएवढी जाड, आणि तिच्या तोंडातून तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा पिसारा उमलायचा. हात पुढे केला की सटकन आत, मग मिनिटभराने हळूहळू बाहेर. परवा पाणी बदलताना घाईत मिठाचं प्रमाण नीट मोजलं नाही, चूक माझीच. काल सकाळी बघतो तर पिसारा आख्खाच्या आख्खा तुटून तळाशी पडलेला आणि नळी रिकामी दिसतेय. मेला का हो? नळी काढून टाकू का? आणि विचारायला लाज वाटते पण दीड वर्षात त्याला वेगळं असं काही खायलाच घातलेलं नाही, माशांना टाकतो तेवढंच. हा प्राणी नक्की खातो काय?

गोगलगाय
नळी काढू नका!!! टाकायचा पिसारा तर टाकू दे. पाण्यात बिघाड झाला, कोणी कुरतडलं, असं काही झालं की हे पिसारा सोडून देतात, जशी पाल शेपूट सोडते तसं. धड आत जिवंत असेल तर काही आठवड्यांत नवा पिसारा येतो, आधी अगदी छोटा. मेलेला असता तर टँकला वास मारला असता आणि बहुतेक वेळा मढं नळीतून अर्धं बाहेर लोंबतं. फक्त आता पाण्यात परत मोठे बदल करू नका, खारटपणा हळूहळू जागेवर आणा.

शंकासूर
पण पिसारा म्हणजेच त्याचं तोंड ना? तोंड गळून पडलं तर तो नवा पिसारा येईपर्यंत खाणार कसा?

सूक्ष्मदर्शी
तोंड पिसाऱ्याच्या बुडाशी असतं, पिसारा म्हणजे जाळं + गाळणी + कल्ला असं तिन्ही एकत्र. तो गेला तर तोंड शाबूत राहतं पण तोंडापर्यंत काही पोचत नाही, तेवढे दिवस अंगातल्या साठ्यावर काढतो. श्वासाची सोय थोडीफार असते कारण तो नळीत अंग लाटेसारखं हलवून पाणी खेळतं ठेवतो आणि कातडीतूनही ऑक्सिजन घेतो.

आधी एक दुरुस्ती, राग मानू नका. किडा म्हटलं की सहा पायांचा कीटक डोळ्यासमोर येतो, हा त्यातला नाही. हा गांडूळ आणि जळू यांच्या खानदानातला, वलयांचं अंग असलेला कृमी. समुद्रात यांचे हजारो प्रकार आहेत, त्यातले बरेच मोकळे फिरतात आणि काही जन्माला आल्यावर थोडे दिवस पाण्यात तरंगून मग एका जागी बसतात ते कायमचे. तुमचा सॅबेला कुळातला दिसतोय, वर्णनावरून तरी.

आता खाण्याबद्दल. जवळजवळ सगळ्यांची समजूत असते की पिसारा म्हणजे वर तोंड केलेलं नरसाळं, वरून जे पडेल ते झेलतो. उलटं आहे. पिसाऱ्याच्या प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी बारीक उपकाड्या असतात, पिसाला असतात तशा, आणि त्यांच्यावर सिलिया म्हणतात ते सूक्ष्म केस सतत वल्ह्यासारखे हलत असतात. त्यामुळे पाणी बाहेरच्या अंगाने काड्यांच्या फटींतून आत ओढलं जातं आणि मधल्या पोकळीतून वर निघून जातं. येताना त्यातले कण उपकाड्यांवर अडकतात, तिथून काडीच्या मधोमध असलेल्या पन्हाळीत येतात आणि पन्हाळीतून खाली तोंडाकडे सरकतात. खात्री करायची असेल तर पिसारा परत आला की एका बारीक पिचकारीतून शेवाळाच्या हिरव्या पाण्याचा एक थेंब पिसाऱ्याच्या बाजूला सोडा, वरून नको, आणि बघत बसा. हिरवी रेघ आत खेचली जाते आणि वरून फिकी होऊन बाहेर पडते.

आणि खरी गंमत तर पन्हाळीच्या तळाशी. तिथे घड्या असतात, वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्याच. सगळ्यात बारीक कण तळापर्यंत पोचतात, ते तोंडात. सगळ्यात मोठे कण वरच्यावर अडतात, ते फेकले जातात. आणि मधल्या मापाचे?

शंकासूर
आता सस्पेन्स कशाला, सांगा की.

सूक्ष्मदर्शी
:) चहा घेत होतो. मधल्या मापाचे कण पोटात जात नाहीत, ते गळ्याखालच्या दोन छोट्या पिशव्यांमधे साठतात. तिथे चिकट स्रावात कालवून त्यांची दोरी वळली जाते आणि ती दोरी नळीच्या काठावर गोल गोल बसवली जाते, कृमी स्वतः हळूहळू फिरतो आणि गळ्याच्या कॉलरने ती थापतो. कुंभार मातीच्या वळ्या एकावर एक ठेवून भांडं चढवतो ना, तसंच. म्हणजे जेवण आणि घराचं बांधकाम एकाच गाळणीतून. मला या प्राण्यांबद्दल हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, आपण नळी म्हणजे चिलखत आणि पिसारा म्हणजे तोंड असं वेगळं वेगळं धरतो पण ते वेगळं नाहीच. मीठपाणी, तुमच्या टँकमधे नळी दीड वर्षात वाढली का?

मीठपाणी
हो की! आली तेव्हा बोटाच्या पेराएवढी होती, आता करंगळीएवढी तरी बाहेर आहे. म्हणजे काहीतरी खात होताच.

सूक्ष्मदर्शी
तेच. माशांच्या खाद्याचा भुगा, त्यांच्या विष्ठेचे कण, काचेवरून सुटलेलं शेवाळ, बॅक्टेरिया, यातून त्याचं भागत असणार. अगदी स्वच्छ चकचकीत टँकमधे मात्र हे हळूहळू उपाशी मरतात आणि मालकाला महिनोन्‌महिने कळतही नाही, पिसारा दर वेळी थोडा लहान होत जातो इतकंच.

आळशी_बोका
मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बेसिक प्रश्न, हसू नका. नळीला एकच तोंड, दुसरं टोक दगडात बंद. डोकं वर, बूड खाली. मग शी कुठे करतो??

गोगलगाय
हसून हसून पुरेवाट. पण खरंच की!

खेकडेराव
बोकोबा, याचं उत्तर मला माहीत आहे आणि आयुष्यात कोणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघत होतो. त्याच्या अंगावर एक खास पन्हाळ असते. खाली बुडापासून निघते, पोटाच्या बाजूने वर येते, मग छातीपाशी वळसा घालून पाठीच्या बाजूला जाते आणि पाठीवरून थेट नळीच्या तोंडापर्यंत. तिच्यात परत तेच सिलिया. विष्ठेच्या चिकट गोळ्या त्या सरकत्या पट्ट्यावरून वर येतात आणि काठावर पोचल्या की पिसाऱ्यातून वर जाणारं पाणी त्यांना उडवून लावतं. म्हणजे आत येणारं पाणी बाजूने आणि घाण वरून बाहेर, आपलीच घाण परत ताटात येत नाही. सूक्ष्मदर्शींनी पाण्याची दिशा सांगितली ती इथे कामाला आली बघा.

आळशी_बोका
_/\_ नळीबाबाला दंडवत. आमच्या बिल्डिंगच्या प्लंबरला दाखवतो हे.

भरतीओहोटी
मी टँकवाली नाही, मला खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला फिरायचं वेड आहे, तर तिथलं थोडं. पिसारेवाल्यांइतके देखणे नाहीत पण मला आवडतात ते शेवयावाले. डबक्यात वाळूवर पांढरट, अर्धपारदर्शक दोरे पसरलेले दिसतात, पहिल्यांदा वाटतं कोणाच्या तरी शिवणाचा दोरा पडलाय. बोट लावलं की दोरा आखडतो आणि दगडाखाली निघून जातो. मालक दगडाखाली नळीत बसलेला असतो आणि हे त्याचे हात, काही जातींमधे मीटरभर लांब जातात. एकदा गुडघ्यावर बसून भिंग लावून बघितलं, दोऱ्याला मधोमध एक घडी पडते आणि तिचा ओहोळ होतो, त्यातून वाळूवरचे बारीक कण एकामागोमाग घराकडे निघालेले दिसतात, वारीसारखे. मोठा कण आला तर दोरा तेवढ्यापुरता आकसून त्याला ढकलतो. मग टोक तोंडाशी गेलं की ओठाने पुसून घेतो. बाळसं आलेलं पोर बोटं चाटतं ना तसं. तर हे गाळणीवाले नाहीत, हे झाडूवाले. तळावर पडलेला गाळ खातात.

यांच्यातलाच एक वाळूची नळी करतो आणि तिच्या तोंडाशी वाळूच्या कणांचीच एक फांद्या फुटलेली झालर उभी करतो, ओहोटीला सपाट वाळूत अशी इवली इवली झुडपं शेकड्यांनी उभी दिसतात.

शंकासूर
हे वाळूचे कण चिकटवतात कशाने? पाण्यात तर फेव्हिकॉलही धरत नाही.

खेकडेराव
वाळूच्या वसाहती करणाऱ्या सॅबेलारिया कुळातल्यांवर आणि त्यांच्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भाऊबंदांवर याचा चांगला अभ्यास झालाय. त्यांच्या डिंकात मुख्यतः उलट्या विद्युतभाराची प्रथिनं असतात, काही धन काही ऋण, शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियम. ग्रंथीत हे आम्लधर्मी असतं तेव्हा पातळ, समुद्राचं पाणी अल्कधर्मी, त्यात आलं की अर्ध्या मिनिटात धरतं आणि पुढच्या काही तासांत चामड्यासारखं घट्ट होतं. आख्खा कण माखत नाही हो, चार ठिपके लावतो आणि दाबून धरतो, गवंडी विटेला माल लावतो तसा. युटा विद्यापीठात याची नक्कल करून मोडलेल्या हाडाचे तुकडे जोडायचा डिंक बनवायचे प्रयोग झाले, कारण शरीरही आतून ओलंच.

शेजारी शेजारी नळ्या बांधत गेले की त्यांचं मधाच्या पोळ्यासारखं खडक होतं. अट एकच, लाटा हव्यात. लाटांनी वाळू उडवली तरच बांधकामाचा माल आणि जेवण दोन्ही दारात येतं, शांत पाण्यात यांचं दुकान चालत नाही.

डेकवाला
मधे तोंड घालतो. तुम्ही सगळे कौतुक करताय, आम्ही जहाजावरचे लोक यांना शिव्या घालतो. बुडाला जे पांढरे चुन्याचे वेडेवाकडे पाईप चिकटतात ते हेच ना? ड्राय डॉकला घेतलं की खरवडता खरवडता जीव जातो. एकदा तर समुद्राचं पाणी आत घ्यायच्या जाळीवर इतके बसले होते की कूलिंगचं पाणी कमी पडून इंजिन तापायला लागलं, आणि आधीच्या पाळीवाल्याने जाळी साफ केल्याची नोंद करून ठेवलेली, प्रत्यक्षात काही केलं नव्हतं. असो.

सूक्ष्मदर्शी
डेकवाला, हो, ते सर्प्युला कुळातले, चुन्याच्या नळीवाले. पिसारा त्यांनाही असतो, शिवाय पिसाऱ्याची एक काडी बदलून तिचं झाकण झालेलं असतं, आत गेला की दार बंद. प्रवाळावरचे रंगीत दुहेरी शंकूवाले, फोटोत सगळ्यांनी पाहिलेले, तेही याच कुळातले, ते प्रवाळ खात नाहीत हं. अळी प्रवाळावर बसते, नळी बांधते आणि प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातं, दहा-वीस वर्षं आणि काही त्याहून जास्त एकाच जागी काढतात.

तुमच्या जहाजाच्या बुडाचा खास गुन्हेगार म्हणजे हायड्रॉइडिस एलेगन्स. गरम पाण्याच्या बंदरांमधे जगभर पसरलाय, जहाजांनीच नेलाय. अंड्यातून निघून तीनेक आठवड्यांत वयात येतो. त्याच्या अळीला अगदी स्वच्छ पत्रा दिला तर ती बसत नाही, पत्र्यावर आधी बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर हवा. २०१४ साली असं दाखवलं गेलं की त्यातला एक बॅक्टेरिया स्प्रिंगच्या सुईसारख्या सूक्ष्म रचनांचे जुडगे तयार करतो आणि त्यांच्यामुळे अळीचं रूपांतर सुरू होतं. म्हणजे जागा दाखवणारा एजंट आधी येतो, भाडेकरू मागून.

डेकवाला
आणि भाडं आम्ही भरतो, डिझेलमधे. खरखरीत बूड म्हणजे पाणी ओढतं.

गोगलगाय
पिसारा सावली पडली तरी आत जातो ते कसं काय? डोळे असतात?

सूक्ष्मदर्शी
असतात, पिसाऱ्याच्या काड्यांवरच! काहींना नुसते ठिपके, काहींना काडीच्या टोकाला कीटकांसारखे संयुक्त डोळे. चित्र उमटलं नाही तरी चालेल असे, फक्त 'अंधार झाला' एवढं कळलं की पुरे. आणि आदेश पोचवायला अंगभर एक जाडजूड मज्जातंतू, मिक्सिकोला नावाच्या एकात तो जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून शास्त्रज्ञ माकूलच्या तंतूसारखाच तोही प्रयोगाला वापरतात. जाड तंतू म्हणजे निरोप जलद. शिवाय अंगावर सूक्ष्म आकड्यांच्या रांगा, त्या नळीच्या भिंतीत रुततात, ओढून काढायला गेलात तर तुटेल पण सुटणार नाही. पण सारखी सावली पाडत राहिलात तर काही वेळाने तो लक्षच देत नाही. बरोबरच आहे, आत बसलेला प्रत्येक मिनिट म्हणजे गाळणी बंद.

खेकडेराव
गाळणीच्या गोष्टी चालल्यात तर कीटॉप्टेरस नावाच्या कृमीला विसरून कसं चालेल. माझा सगळ्यात लाडका, आणि दिसायला सगळ्यात विचित्र, एकाच अंगात तीन वेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडल्यासारखा. हा गाळात इंग्रजी यू आकाराची नळी करतो, जाड चर्मपत्रासारखी, दोन्ही टोकं चिमणीसारखी वर काढलेली, आणि बाहेर कधीच येत नाही. पिसारा नाही. अंगाच्या मधल्या भागात तीन पंखे आहेत, ते फडफडवून तो पाणी एका टोकातून ओढून दुसऱ्यातून सोडतो. पुढच्या बाजूला दोन पंखांसारखे हात नळीच्या भिंतीला टेकवून त्यांच्यातून चिकट स्रावाचं अखंड जाळं सोडतो, त्याची पिशवी होते, पाणी त्या पिशवीतून गाळलं जातं. पिशवीचं मागचं टोक एका वाटीसारख्या अवयवात धरलेलं असतं आणि ती वाटी पिशवी गुंडाळत राहते, लोकरीचा गुंडा करतात तशी, त्यातल्या अन्नासकट. पंधरा-वीस मिनिटांनी गोळी पुरेशी झाली की पिशवी तुटते, पंखे थांबतात, गोळी पाठीवरच्या पन्हाळीतून तोंडाकडे जाते आणि हा ती गिळतो. जाळ्यासकट. मग नवं जाळं. काही मोठं पाण्यातून येताना जाणवलं तर हात उचलून त्याला बाजूने जाऊ देतो, जाळं खराब नको.

आणि डिवचलं तर निळा प्रकाश देतो! आयुष्यभर अंधाऱ्या पाईपात एकट्याने राहायचं आणि अंगाला दिवाळी.

आळशी_बोका
एकट्याने नाही म्हणे, कुठेतरी वाचलं की त्याच्या नळीत छोटे खेकडे घुसून राहतात?

खेकडेराव
हो, वाटाण्याएवढे, चपटे. आयतं पाणी, आयतं खाणं. माझं नाव उगाच नाही घेतलंय ;)

शंकासूर
सगळेच इतके गरीब गाळणीवाले नसणार. तो वाळूतून उसळी मारून मासा ओढून नेणारा? व्हिडिओ बघून रात्रभर झोप नव्हती.

सूक्ष्मदर्शी
युनिस. तो शिकारी, वाळूत बिळ करतो आणि त्याला स्रावाचं अस्तर लावतो, मोठे तीन मीटरच्या आसपास जातात. टँकमधे लाइव्ह रॉकसोबत लपून येतो आणि रात्री मासे कमी व्हायला लागतात. मीठपाणी घाबरू नका, पिसारेवाल्याला जबडाच नाही.

भरतीओहोटी
मला तर खोल समुद्रातल्या तोंडच नसलेल्यांबद्दल ऐकायचंय. खरंच नसतं का?

सूक्ष्मदर्शी
रिफ्टिया. खरंच नसतं. तोंड नाही, आतडं नाही, बूड नाही. १९७७ मधे गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोलीवर, आल्विन पाणबुडीतून गेलेल्या भूशास्त्रज्ञांना गरम झऱ्यांपाशी हे पांढऱ्या नळ्यांचे आणि लाल तुऱ्यांचे ताटवे सापडले, माणसापेक्षा उंच जाणारे. गेलेल्यात जीवशास्त्रज्ञ कोणी नव्हता, आणलेले नमुने जपायला पुरेसं फॉर्मलिनही नव्हतं, काही तर व्होडकात ठेवले.

हे खातात काय हे कोडं होतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे मेरिडिथ जोन्स हार्वर्डमधे व्याख्यान देत होते, बोलता बोलता म्हणाले की याच्या अंगातल्या एका मऊ अवयवात गंधकाचे स्फटिक सापडतात. समोर कॉलीन कॅव्हनॉ नावाची विद्यार्थिनी बसली होती, ती उठून म्हणाली की मग आत गंधकावर जगणारे बॅक्टेरिया असणार. १९८१ मधे तिचा पेपर आला आणि ते खरं निघालं. लाल तुरा पाण्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड घेतो. सल्फाइड आपल्याला विष, कारण ते श्वसनाची यंत्रणाच बंद पाडतं, पण याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड वेगवेगळ्या जागी धरून नेतं आणि बॅक्टेरियाच्या दारात सोडतं. बॅक्टेरिया त्यावर साखर बनवतात, मालक ती खातो, बॅक्टेरियालाही खातो.

शंकासूर
म्हणजे सूर्य नसला तरी यांचं चालेल?

सूक्ष्मदर्शी
असं सगळीकडे लिहितात पण पूर्ण खरं नाही. तो ऑक्सिजन वापरतोय ना, तो वर उन्हात कोणीतरी बनवलेलाच. उधारी आहेच.

भरतीओहोटी
आणि बॅक्टेरिया आईकडून मिळतात?

सूक्ष्मदर्शी
नाही, प्रत्येक पिढी पाण्यातून नव्याने घेते. पिल्लाला आधी तोंड-आतडं असतं. बॅक्टेरिया मात्र कातडीतून आत शिरतात, आणि एकदा ते स्थिरावले की तोंड-आतडं झिजून जातं.

वाढीचं बघा, रिफ्टिया वर्षाला ८५ सेंमीपेक्षा जास्त वाढतो, झरा कधी बंद पडेल नेम नाही म्हणून घाई. त्याचाच चुलता लॅमेलिब्राकिया, मेक्सिकोच्या आखातात जिथे थंड झिरपे आहेत (तळातून सल्फाइड गरम न होता हळूहळू झिरपतं) तिथला, तो दोन मीटर व्हायला १७० ते २५० वर्षं घेतो. सल्फाइडसाठी गाळात मुळांसारखं शेपूट पसरून बसलेला. झिरपा कुठे पळून जात नाही, तोही नाही.

आळशी_बोका
याला म्हणतात माझ्या जातीचा प्राणी.

खेकडेराव
आणि ऑसेडॅक्स राहिला, २००२ मधे माँटेरेच्या समुद्रात मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर सापडलेला. तोही तोंडाविना, हाडात मुळं घालून आम्लाने विरघळवतो. दिसतात त्या जवळजवळ सगळ्या माद्या. बहुतेक जातींत नर सूक्ष्म, मादीच्या नळीतच डझनांनी राहतात. यावर कोणी विनोद करू नये ही विनंती.

डेकवाला
विनोद टाइप केला होता, खोडला.

मीठपाणी
अपडेट. बरोब्बर पाच आठवडे झाले. खारटपणा आठवडाभरात हळूहळू जागेवर आणला, नळीला हात लावला नाही, एक दिवसाआड शेवाळाच्या पाण्याचे दोन थेंब बाजूने. परवा रात्री नळीच्या तोंडाशी काहीतरी पांढरट दिसलं, वाटलं बुरशी आली, संपलं सगळं. भिंग आणून बघितलं तर काड्या! मोजून अठरा, नखाएवढ्या, रंग अजून धड नाही, पट्टे फक्त बुडाशी. काचेवर हाताची सावली टाकली तर आत गेला, थोडा धडपडतच, पण गेला.

आणि बोकोबा, ही खास तुमच्यासाठी. आज सकाळी समोर खुर्ची टाकून बसलो होतो, वीसेक मिनिटं काही नाही, मग नळीच्या काठावरून एक करडी बारीक गोळी वर आली, क्षणभर पिसाऱ्यात घुटमळली आणि वर उडून गेली. जेवतोय!